तळघराची चोरदिंडी

"खाली उतरू नका, मासा बिथरेल!" आमचा बंगाली ओव्हरसियर तळघराच्या जिन्याशी उभा राहून ओरडत होता. दिल्लीहून तपासणीला आलेला सुरक्षा अधिकारी एक पाय हवेत धरून थिजला. आणि आमचे साहेब, म्हणजे कलकत्त्याच्या सरकारी बांधकाम खात्यातले आमचे मराठी इंजिनिअर, शांतपणे विचारत होते, "केवढा आहे?"

मासा केवढा ते सांगतोच, पण आधी माणूस केवढा ते ऐका. कुणाच्याही घरी गेले की साहेब भिंतीवर टकटक करत आणि विचारत, "दुसरं दार कुठंय?" एकदा कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, ऐन आरतीत, त्यांनी हे इतक्या गंभीरपणे विचारलं की पुढच्या दोन रांगा मोदक न घेताच बाहेर पडल्या.

एकाहत्तरच्या दिवाळीत युद्धाची चिन्हं दिसली आणि हुकूम आला, एका सरकारी बंगल्याखाली खोली खणा. दिल्लीचा कुणी मोठा पुढारी इथे असताना बॉम्ब पडलेच, तर तो खाली उतरेल. साहेब एकदम तरुण झाले. हातातली पोळी हातातच ठेवून आम्हाला ऐकवू लागले, की लंडनच्या पंतप्रधानांनी जमिनीखाली नकाशे टांगून लढाई चालवली आणि बर्लिनवाला खाली गेला तो तिथेच संपला. "पण आपल्या गडांची अक्कल यांना नाही," ते म्हणायचे. "चोरदिंडी पाहिजे."

चोरदिंडी झाली. तळघरातून निघालेला बोगदा बागेच्या टोकाला, झुडपांआडच्या एका कोरड्या खड्ड्यात उघडायचा. आत पुढाऱ्यासाठी वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, शिवलेली उशी, माठ आणि भिंतीत देवांचा कोनाडा. घाबरलेल्या माणसाला देव लागतो, मग तो पंतप्रधान का असेना, असं साहेबांचं मत.

युद्ध पंधरवड्यात आटोपलं. त्या उशीवर कुणी डोकं टेकलंच नाही. साहेब पुढल्याच वर्षी निवृत्त होणार होते. दिल्लीला पसंत पडली तर खोली राहणार, नाहीतर बुजवणार. आयुष्यभर इतरांच्या कचेऱ्या रंगवलेल्या माणसाचं हे एकच स्वतःचं काम. त्यांची झोप उडाली.

तपासणी ठरली ऐन आषाढात. आता तुम्ही-आम्ही देशावरची माणसं. आपल्याकडे खड्डा म्हणजे खड्डा. बंगालमध्ये कोरडा खड्डा म्हणजे रजेवर गेलेलं तळं. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, म्हणून तर साहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं. पावसात तळं कामावर रुजू झालं, चोरदिंडीतून ऐसपैस आत आलं आणि येताना शेजारच्या तळ्यांतले पाहुणेही घेऊन आलं.

त्यातला रोहू मासा म्हणजे, खोटं कशाला सांगू, पुढारीच. अधिकाऱ्यानं हवेतला पाय पाण्यात टेकला मात्र, शेपटीच्या एका फटक्यात त्याची टोपी देवांच्या कोनाड्यात. ओव्हरसियर जाळं आणायला पळाला. अधिकारी पँट पिळत म्हणाला, "बुजवा."

साहेबांनी जिन्यावर बूट काढले. कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि उशी तेवढी घेऊन वर आले. ती आठवडाभर त्यांच्या गच्चीवर वाळत होती. मी कुठेही हसणारा माणूस, पण त्या गच्चीखालून जाताना मान खाली घालून जायचो.

निवृत्तीनंतर ते गावी निघाले तेव्हा हावड्याला पोचवायला गेलो. डब्यात तीच उशी वहिनींच्या पाठीशी. साहेबांनी डब्याची भिंत ठोकून पाहिली, पलीकडचं दार हेरून ठेवलं आणि मगच बसले. गाडी हलता हलता मी विचारलंच, "साहेब, पावसाळ्यात युद्ध पेटलं असतं, तर पुढारी वाचला असता का हो?"

त्यांनी नीट विचार केला.

"पोहता येत असतं, तर," ते म्हणाले.