रानाचा वाटा

मका काढला की वडील कणसं घरी आणत आणि ताटं रानातच गाडत. त्याला ते ‘रानाचा वाटा’ म्हणत.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहराबाहेर सायकल थांबवून मी त्यांना व्हिडिओ कॉलवर इथली कापणी दाखवली. यंत्र ताटासकट मका गिळत होतं.

“बघा बाबा, हे लोक मागे काडीसुद्धा ठेवत नाहीत. तुम्हीही ताटं वैरणीला विकून टाका,” मी अक्कल पाजळली.

त्यांनी विकली. पुढच्या पिकाची पानं कडांनी करपली, ताटांतून रानाला मिळणारं पोटॅश गेल्यानं त्याची जादा पोती महागात आणावी लागली. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत.

दुसऱ्या लाटेत ते गेले. विमानं बंद होती. अग्नी चुलतभावानं दिला.

त्याच आठवड्यात मी पुन्हा त्या शेतापाशी गेलो. शेणाचा उग्र वास सुटला होता. एक टँकर गोठ्यातलं पातळ शेणखत जमिनीत सोडत चालला होता. मी शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “नेलं ते परत द्यायला नको?”

मी इथल्या लोकांना फक्त नेताना पाहिलं होतं. तेवढंच शिकलो होतो.