जीपची डावी बाजू

लकवा डाव्या अंगावरून गेला. नागपूरच्या दवाखान्यातून सौंसरला घरी आलो, तेव्हा माझ्या जीपच्या सीटवर धाकटा भाऊ बसत होता. ती जीप मी संत्र्यावर कमावली होती. आधी सायकलला टोपल्या बांधून विकायचो, मग फळ झाडावर असतानाच बगीचे ठेक्यानं घेऊ लागलो. शेतकऱ्याचा चहा संपायच्या आत भाव खाली आणायचो. आता बगीचे भाऊ पाहायचा आणि मी ओसरीवर बसून डावा हात चोळायचो. तो कुणा दुसऱ्याचा हात असावा, तसा लागायचा.

दिवाळीनंतर काठी सुटली. उभ्या जीपमध्ये बसून मी क्लच दाबून पाहायचो. दबायचा. गिअरही पडायचे. किल्ली मात्र भावाच्या खिशात.

"डॉक्टरनं अजून नाही म्हटलं ना, भाऊ."

"डॉक्टरले जीप चालवता येते का? तुले माह्या जागेवर बसाची सवय लागली, हे सांग."

तो जीपची काच पुसू लागला. भांडणारा माणूस मला समजतो. हा भांडतच नव्हता.

घरातले सगळे त्याच्याच बाजूचे, असं मी धरून चाललो होतो. जेवणातला माझा ठेचासुद्धा त्यांनी बंद केला होता.

"ठेचा काऊन नाही वाढला?"

"वाढला ना जी," बायको म्हणायची आणि माझ्यासमोरचं ताट जरा फिरवायची. मग ठेचा दिसायचा. चटणी, ठेचा ताटात डावीकडेच वाढतात. मला वाटायचं, ही विसरते आणि ताट फिरवता फिरवता हळूच वाढून टाकते. मी रोज ओरडायचो, ती रोज ताट फिरवायची.

कापूस वेचणी भरात आली तेव्हा मी भावाला शेवटची बोली सांगितली. "मोहगावले एकटा जाऊन येतो. काही झालं, तर किल्ली कायमची तुही. नाही झालं, तर तू त्या सीटवर पुन्हा बसाचं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली.

गेलो आणि आलो. इतके महिने ज्यासाठी धुमसलो, ते हातात आल्यावर आनंद होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. समोरचा रस्ता सरकत होता, मी गिअर टाकत होतो, एवढंच. दारात जीप लावली तेव्हा भाऊ उभा होता.

"पाहून घे," मी म्हटलं.

तो डावीकडून फिरला आणि तिथंच थांबला.

"वाटेत कोण भेटलं, भाऊ?"

"कोणी नाही."

तो सायकल घेऊन मोहगावच्या रस्त्याला लागला. मी उतरून फिरून पाहिलं. डावीकडचा पत्रा पुढून मागपर्यंत खरवडला होता. टपाच्या आकड्यात मूठभर कापूस अडकला होता. कापसाची बैलगाडी. मी आठवत राहिलो. रस्त्यात मला एकही बैलगाडी दिसली नव्हती, जीपच्या खडखडाटात काही ऐकूही आलं नव्हतं.

भाऊ येईपर्यंत मी ओट्यावर बसून होतो. भीती वाटायला हवी होती. मी नुसता बसलो होतो.

"माणसाले काही झालं नाही," तो आल्या आल्या म्हणाला. "बैल बिचकला, गाडी नालीत उतरली. आम्ही दोघांनी मिळून काढली."

"काय म्हणत होता तो?"

"म्हणे, तुहा भाऊ तापट हाये हे गावाले माहीत होतं. पण गाडी पाडून वळूनही न पाहणारा हाये, हे नव्हतं माहीत."

"मग तू काय सांगितलं?"

"म्हटलं, त्याले दिसलीच नसन."

"तुले कसं माहीत?"

"ताटावरून. तुले डावीकडचं काहीच दिसून नाही राहिलं, भाऊ. वहिनीनं तर पहिल्याच हप्त्यात ओळखलं."

"मग सांगितलं काऊन नाही? किल्ली कशाले दिली?"

"सांगितलं असतं तं तू ऐकला असता?"

मी खिशातून किल्ली काढून पुढे केली. त्यानं हात पुढे केला नाही.

"ठेव तुह्याजवळ. मी कुठं बोली लावली होती? तूच बोलला."

"घे म्हटलं ना!" मी ओरडलो. गल्लीतले लोक बाहेर आले. तेव्हा कुठं त्यानं किल्ली घेतली.

त्या लपवाछपवीचा राग माझ्या मनात आजही तेवढाच आहे. ऐकलं नसतं, शिव्या दिल्या असत्या, तरी त्यांनी मला सांगायला हवं होतं. रस्त्यात गाडीऐवजी माणूस असता तर?

रात्री बायकोनं ताट वाढलं. ठेचा दिसला नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग उजव्या हातानं ताटाची कड धरून ते स्वतःच फिरवलं.