कानाला न पुरलेला हात

“हात डोक्यावरून घे. कान धर. उजव्या हातानं डावा कान!”

जूनमध्ये परतूरकडच्या त्या शाळेत गेलात, तर गुरुजी दारातच हे सांगताना दिसायचे. तुमच्यापैकी अनेकांना हे माप आठवत असेल. हात कानाला पुरला की पोर सहा वर्षांचं, पहिलीत दाखल, जन्मतारीख एक जून. नाही पुरला तर, “जा, पुढल्या साली ये.” जन्माचा दाखला कुणाच्या घरी असायचा? अख्खं गाव एक जूनला जन्मलेलं, खुद्द गुरुजीसुद्धा.

मी तालुक्याच्या शिक्षण खात्यात कारकून होतो. एकदा साहेबांबरोबर तपासणीला गेलो. चौथी ते सहावी हे तिन्ही वर्ग एकट्या गुरुजींकडे, एकाच खोलीत, तीन तरटपट्ट्यांवर. साहेबांनी सहावीला काळ-काम-वेगाचं गणित घातलं. सहावी पाटीत डोकं घालून बसली आणि उत्तर आलं चौथीच्या पट्टीवरून. बुटकी, हडकुळी पोर. गुरुजी लाजल्यासारखे हसले.

“तिला पाटी लागत न्हाई, साहेब.”

पुढच्या आठवड्यात ते अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी हजर. तिला चौथीतून थेट सहावीत बसवायची परवानगी हवी होती. नियमात तशी सोय होती, पण वरच्या वर्गाचं वय भरायला हवं. रजिस्टरात पोर नऊची. मी अर्ज पुरता न वाचताच शेरा मारला, वय कमी.

“तिचं वय अकरा हाय,” गुरुजी हळूच म्हणाले. “दोन साल आल्ती. हात पुरला न्हाई, मीच वापस धाडली. तिसऱ्या साली पुरला, मंग सहाची म्हणून लिवली. ठेंगणी हाय हो ती, लहान न्हाई.”

“पण घाई कशाची? शिकेल की सावकाश.”

“बाप म्हणतो, सोळा भरली की लगीन. आज सहावीत बसली तर तवर दहावी होती. न्हाई तर आठवीवरच उठवतील. दहावी झाली तर पायावर तरी हुभी राहील. चूक माझी हाय, मला निस्तरू द्या.”

मी नियमाचा माणूस. आज लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःचं भारी कौतुक होतं. म्हटलं, “मग जन्मतारीख अंदाजानं लिहिली, असं लिहून द्या.” साऱ्या तालुक्याची तशीच लिहिलेली होती, हे मला ठाऊक होतं. माझी स्वतःचीही एक जूनच. गुरुजींनी उभ्या उभ्या लिहून दिलं. वळणदार अक्षर, खाली सही.

त्या कागदावर खातं कसं धावलं म्हणून सांगू! महिन्याच्या आत गुरुजींची वेतनवाढ रोखली गेली, खोटी नोंद केल्याबद्दल. तो आदेश मीच टाईप केला. पोरीचं प्रकरण मात्र वर गेलं आणि वरच राहिलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी एसटीनं यायचे. “आलं का काही? दोन वर्ग पुढं सरकली तर आजबी चालंल. वाट बघून राह्यलोय.” मी मान हलवायचो. “बराबर हाय, टाईम लागतो,” असं म्हणून ते रुमालात आणलेली बोरं टेबलावर ठेवून जायचे. मी ती खायचो. वर एखादं स्मरणपत्र धाडावं, हे मला एकदाही सुचलं नाही.

पाचव्या वर्षी त्यांचं येणं थांबलं. परवानगी आली तीही त्यानंतरच. ‘सदर विद्यार्थिनीस इयत्ता सहावीत बसविण्यास हरकत नाही.’ तोवर ती आठवी होताच शाळा सोडून नांदायला गेली होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते मला परतूर स्टेशनवर भेटले. निवृत्त झालेले, वाकलेले. विचारावं की नाही असं करत मी विचारलंच, “ती पोर कुठं असते?”

“घनसावंगीकडं. ऊस तोडती. तिची लेक यंदा पहिलीत गेली. दवाखान्यातला दाखला हाय तिचा, तारखेसगट.”

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. उजवा हात उचलून डोक्यावरून पलीकडे नेऊ लागले. खांदा आखडलेला. बोटं टोपीपर्यंत गेली आणि तिथेच अडली.

“न्हाई पुरत,” ते म्हणाले. “मलाबी वापस धाडा, साहेब.”