पंखे बंद करून उतरलेला आकडा

"मॅडम, आकडा उतरला का नाय?" गिरणीचे मालक यशवंतकाका हसत विचारत होते. मी मीटरसमोर उभी राहून पुन्हा गणित केलं. आकडा खरंच उतरला होता.

मी एनर्जी ऑडिटर. ऊर्जा कुठे वाया जाते ते शोधणं, हे माझं काम. एक किलो माल काढायला वीज किती लागली, हा आमचा मुख्य आकडा. देशाचंही असंच मोजतात: जेवढं उत्पन्न निघालं, त्यासाठी ऊर्जा किती खर्ची पडली.

तुडील गावातल्या या पोह्यांच्या गिरणीत तो आकडा फार होता. कारण काकांची मोटर. महाड एमआयडीसीतल्या कारखान्यात ती त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळलेली. कारखाना बंद पडला, तेव्हा भंगारातून सोडवून आणली. गिरणीच्या मानाने फारच मोठी. काम थोडं, खाणं जास्त. ती बदला, असं मी मागच्या खेपेला सांगितलं होतं.

मोटर तर तीच होती. मग आकडा उतरला कसा? मी भट्टीकडे गेले. काकांची बायको, सुमनकाकी, आणि आणखी दोघी वाळूत भात भाजत होत्या. तिघींचे पदर घामाने अंगाला चिकटलेले. डोक्यावरचे मोठे पंखे, धूर ओढणारा एक्झॉस्ट, सगळं बंद.

मी बॉसना फोन लावला. ते म्हणाले, रीडिंग चांगलं आहे, घेऊन टाक. पोलादपूरच्या गिरणीवाल्यांना हीच गिरणी दाखवू. मी म्हटलं, पंखे चालू झाल्याशिवाय मी रीडिंग घेणार नाही. त्यांनी सुस्कारा सोडला. "बघ तुझं तू."

काकांना सांगितलं, पंखे लावा आणि आकडा उतरवायचा तर मोटर बदला, तर ते मोटरीवर हात ठेवून उभे राहिले. हिच्यावर घर चाललं, पोरींची लग्नं झाली, हिला काढू कसं, म्हणाले. मला त्यांचा राग येईना.

काकी भट्टीपासून उठून आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "अवो, तिला घाम येत नाय. आमाला येतो."

काकांनी मोटरीवरचा हात काढला. जाऊन त्यांनी पंख्यांची बटणं दाबली.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, छोटी मोटर बसवलीय, बघायला या. गेले. जुनी मोटर पडवीत होती, पुसून, तेल लावून, वर गोणपाट पांघरून. काकी म्हणाल्या, जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त नाय इथं.

सगळे पंखे चालू ठेवून रीडिंग घेतलं. पहिल्यापेक्षा बरंच कमी, पण पंखे बंद असतानाच्या मधल्या आकड्यापेक्षा थोडं जास्त. बॉसना मधलाच आवडला होता.

"सर, त्या आकड्यात भाताबरोबर बायकाही भाजत होत्या," मी म्हटलं.

रिपोर्टमध्ये नवा आकडा गेला. पोलादपूरचे गिरणीवाले येऊन बघून गेले. दोघांनी मोटरी बदलल्या.

देशाचा आकडा सुधारला, असं हल्ली कुठे वाचलं की मला आनंद होतो. फक्त तो होण्याआधी, नेमकं काय बंद केलं, एवढं मी विचारून घेते.