बजाजनगरची दोन टक्के लांब पट्टी

मी चिडले की सामान भरते. भांडी आपटणं, दारं आपटणं मला जमत नाही, मी आपली माळ्यावरची बॅग काढते. त्या शुक्रवारी सकाळी बॅग खाली आली तेव्हा नवऱ्याने पेपरातून डोकंही वर न काढता विचारलं, "किती दिवस?"

"रविवारी परत."

"बरं. दूध कमी घेतो मग."

चिडण्याचं कारण असं. मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि गेली आठ वर्षं नोकरी, संसार आणि गुडघेदुखी सांभाळून पीएचडी करते आहे. विषय विश्वाच्या जन्माचा. विश्व अगदी तान्हं असताना एका निमिषात अफाट फुगलं, असं आमचं मॉडेल म्हणतं. ते फुगायला एक क्षेत्र लागतं, म्हणजे सगळीकडे पसरलेलं काहीतरी, आणि ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. त्या क्षेत्रातल्या क्वांटम थरथरीतून पुढे आकाशगंगा तयार झाल्या. माझी समीकरणं जमली होती, आलेखही जमले होते. मग परीक्षकांचा एक प्रश्न आला: "हे क्षेत्र खरोखर आहे, की ती तुमच्या गणिताची सोय आहे?"

मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ वर्षं मी कशावर घालवली हेच मला सांगता येईना, त्याची इतकी लाज वाटली की प्रबंध मागे घेत असल्याची ईमेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली आणि दिगूकाकांकडे निघाले. दिगूकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मभर वाळूजच्या कारखान्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवले. आता सत्तरी ओलांडली तरी बजाजनगरच्या घरामागे शेड टाकून छोटी कामं करतात.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून चिवडा घेतला आणि एक चोरीचा माल घेतला. मी दहावीत असताना काका आमच्याकडे मुक्कामाला आले होते. त्यांच्या पिशवीतली एक फुटाची चकचकीत स्टीलची पट्टी मला इतकी आवडली की मी ती सरळ ढापली आणि कुणी ओळखू नये म्हणून वर माझ्या नावाचं लेबल चिकटवलं. तीस वर्षांनी परत करावी, म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: नाशिकहून एसटी येवला, वैजापूर करत साधारण पाच तासांत पोचवते. खिडकी मिळाली तर उन्हाची बाजू टाळा. येवल्याला गाडी थांबते तेव्हा चहा घ्या, वडा घेऊ नका, तो सकाळपासून प्रवाशांची वाट बघत असतो. बजाजनगरला जायचं तर शहरातल्या स्टँडपर्यंत जायची गरज नाही, नगरनाक्याला उतरून वाट्याची रिक्षा मिळते. काकूंनी फोनवर बजावलं होतं, "रिक्षावाला चार म्हनंल अन् सहा कोंबंल. भांडू नको, त्यो तसाबी आणतोच." सहाच कोंबले. माझ्या मांडीवर एका कामगाराचा डबा होता आणि त्याला तो तिथंच बरा वाटत होता.

काकूंनी येसर आमटी केली होती. मराठवाड्यात आलात आणि येसर न खाता गेलात तर येऊन काय केलंत? भाजलेल्या डाळी-गव्हाचं मसालेदार पीठ फोडणीच्या पाण्यात शिजवायचं, की झाली आमटी. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि विश्वाचं फुगणं विसरून स्वतः फुगले.

शनिवारी सकाळी शेडमध्ये गेले. सागवानाचा वास, भुश्शाचा ढीग आणि टेबलावर एका पंपाच्या बॉडीचा पॅटर्न. फाउंड्रीत हा लाकडी नमुना वाळूत दाबून ठसा घेतात, मग तो काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. सोमवारी हा पॅटर्न जायचा होता. काका ब्रशने शेवटचा हात मारत होते.

मला वाटलं, आपणही थोडी मदत करावी. ड्रॉइंगवर एक बाजू दोनशे मिलिमीटर लिहिली होती. मी माझी पट्टी काढली, लावली आणि ओरडले, "काका, चुकलंय! एकशे अठ्ठ्याण्णवच भरतंय!"

काकांच्या हातातला ब्रश थांबला. चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. या वयात डोळे दगा देतात की काय, ही धास्ती त्यांना आधीच होती, काकूंनी मला सकाळीच कानात सांगितलं होतं. ते उठले, चष्मा पुसला, स्वतःची पट्टी लावली. बरोबर दोनशे.

"नीट बघ, दोनशे हाय."

मी भिंतीवरची तिसरी, साधी पट्टी काढली. दोनशे दोन.

तीन पट्ट्या, तीन उत्तरं! मी जन्मभर फिजिक्स शिकवतेय आणि मला घाम फुटला. काकांनी मात्र माझ्या हातातली पट्टी घेतली, उलटीसुलटी केली, माझं ते जुनाट लेबल नखाने खरवडलं आणि खदाखदा हसायला लागले. लेबलाखाली कोरलं होतं: २%.

"अगं वैशे, ही तर माझी पोलादाची पट्टी! मी समजलो एसटीत हरवली. काकूनं मला महिनाभर आंधळा म्हणून हाक मारली."

"मी ढापली होती, काका."

"व्हय, ते दिसतंयच की. तुझंच नाव हाय वर."

मग त्यांनी समजावलं. ओतलेला धातू गार होताना आकसतो. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करायचा. दर वेळी हिशोब करत बसलं तर चूक होते, म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्ट्याच लांब असतात. बीडाची एक टक्का लांब, पोलादाची दोन टक्के. त्यांचा पॅटर्न दोनशे दोनचा होता, तो बीडाच्या पट्टीवर दोनशे आणि माझ्या पट्टीवर एकशे अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे पॅटर्न जॉबसारखा, तयार भागासारखा, नसतोच?"

"जॉबसारखा केला तर जॉब बिघडंल की. पॅटर्न खोटा आसतो पोरी, जॉब खरा यावा म्हणून."

मी स्टुलावर बसले ते बसलेच. कारण मला दहावीची भूमितीची वही आठवली. कोन बरोबर, बाजू चूक. पानोपानी लाल शेरे. आठ सेंटिमीटरची रेषा दीड मिलिमीटर जास्त. सर वर्गासमोर म्हणाले होते, "हिच्या हाताला माप नाही." ते वाक्य मी इतकं मनावर घेतलं की पुढे प्रयोगशाळा दिसली की वाट बदलायची, कागदावरचं फिजिक्स बरं. हे सगळं एका पट्टीपायी, आणि तीही चोरलेली! मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. काकांनी चहा सांगितला.

चहा पिताना मी त्यांना माझं रडगाणं ऐकवलं. न दिसणारं क्षेत्र, परीक्षकांचा प्रश्न, ड्राफ्टमधली ईमेल, मंगळवार. काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझ्याकडं ड्रॉइंग हाय का?"

"विश्वाचं? नाही."

"म्हणजे तू नुसता तयार जॉब बघून पॅटर्न बनवती. आमच्याकडं येतात तशी जुनी, तुटकी पार्टं. लई अवघड काम. अन् एकाच जॉबचे दोन-तीन पॅटर्न बसतात बरं का. अखंड कर, दोन फोडींचा कर, कास्टिंग तेच येतं. कोन्ता खरा म्हणशील?"

क्वांटमवाल्यांचं हेच तर दुखणं आहे! एकाच प्रयोगाची उत्तरं देणारी दोन-तीन वेगवेगळी गणितं, आणि त्यातलं खरं कुठलं यावर शंभर वर्षं वाद. मी हे सांगितलं तर काका म्हणाले, "वाद कशाला? वाळूत साचा भरनाऱ्या मोल्डरला इचारायचं, त्याला कोन्ता सोपा पडतो."

पंपाच्या पॅटर्नला दोन्ही टोकांना लाकडाचे दोन गुट्टे, ठोकळेच, होते, काळ्या रंगाने रंगवलेले. ड्रॉइंगमध्ये ते कुठेच नव्हते.

"हे काय?"

"कोअर प्रिंट. जॉब आतून पोकळ हवा तर वाळूचा कोअर, म्हंजी गाभा, आत ठेवावा लागतो. त्यो टेकायला जागा पायजे. ती जागा हे पाडतात. जॉबमदी हे नसतात, म्हणून काळा रंग. मोल्डरला कळावं, हे फक्त सोयीचं हाय."

"म्हणजे खोटे."

"खोटे कसे? वाळूत खड्डा खरा पडतो ना? जॉबला इचारशील तर नायत. वाळूला इचारशील तर हायत."

मी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. काका म्हणाले, "आता काय माझं नाव छापती काय पुस्तकात?" आणि काळ्या गुट्ट्यावर ब्रश फिरवत राहिले. मी हात लावायला गेले तर हातावर चापट. "रंग वल्ला हाय! वल्ला पॅटर्न वाळूत गेला की वाळू चिकटती, सगळा साचा फाटतो. काम झालं वाटलं तरी एक रात ठिवायचं. लई घाई करनाऱ्यांचे पॅटर्न परत येतात."

रविवारी सकाळी काका-काकूंबरोबर वेरूळला गेलो. शेजाऱ्यांची गाडी, पेट्रोल आपलं. लेणी मंगळवारी बंद असतात, हे लक्षात ठेवा, आणि सकाळी लवकर पोचा, नंतर सहलींचा गलका होतो. आधी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, मग कैलास लेणं. काकूंनी दगडी हत्तीच्या सावलीत बसकण मारली आणि पेरू कापले. काका मात्र डोकं वर करून कितीतरी वेळ उभे होते. वरून खाली खोदत आलेलं ते अख्खं मंदिर.

"इथं आमचं काय काम नाय," ते शेवटी म्हणाले. "दगड आकसत नाय, अन् चुकला तर परत वतता येत नाय. आपलं बरं हाय बाई. आपल्याला दुसरा पॅटर्न करता येतो."

त्यांना दुसऱ्या पॅटर्नचं म्हणायचं होतं की माझ्या प्रबंधाचं, मी विचारलं नाही. मला त्या क्षणी फक्त इतकं वाटलं की हा माणूस मला काका म्हणून मिळाला, हे माझं केवढं नशीब! हे मी तिथेच बोलूनही टाकलं. काका ओशाळले आणि पेरूला मीठ कमी आहे म्हणून काकूंवर घसरले.

निघताना मी पट्टी परत दिली. त्यांनी ती पुन्हा माझ्याच बॅगेत सरकवली. "आता पोलादाची कामं येत नायत माझ्याकडं. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. पन रेषा मारू नको तिनं."

घरी आल्यावर हिशोब मांडला. खर्च किरकोळ: एसटी, रिक्षा, पेट्रोल, तिकिटं आणि काकूंना घेतलेली साडी, जी त्यांनी महाग म्हणून तीनदा परत केली. सोमवारी कॉलेजातून आल्या आल्या आधी ड्राफ्टमधली ईमेल पुसली आणि परीक्षकांना उत्तर लिहिलं. लिहिलं, की हे क्षेत्र विश्वात आहे की फक्त माझ्या मॉडेलमध्ये, हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी प्रबंधात आणला होता, ती माझी चूक. पण ते असेल तर त्याने आकाशात कुठे, कसा ठसा सोडायला हवा, हे मी नेमकं सांगू शकते. तो ठसा तिथे नसला, तर माझं मॉडेल मोडीत काढावं. आठ वर्षांत मी इतकं सरळ वाक्य लिहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी पाठवलं आणि काकांना फोन लावला.

"काका, उत्तर गेलं बरं का."

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला. "रंग वाळला व्हता का?"

"काल संध्याकाळी लिहिलं होतं. रातभर ठेवलं."

"मंग झालं तर," काका म्हणाले, आणि रंधा पुन्हा सुरू झाला.