गुरे उतरवणारी अर्डिस

अर्डिस हॉलिन गेली एकतीस वर्षे दर ऑक्टोबरात बिगहॉर्न डोंगराच्या माथ्यावरच्या कुरणांतून शेजाऱ्यांची गुरे घाट उतरवून खाली आणीत असे. नवरा होता तोवर दोघे मिळून आणीत. तो गेल्यावर ती एकटी आणू लागली. या कामाचे पैसे कोणी देत नसे आणि तीही मागत नसे. जुलैत शेजारचा व्हर्जिल टॅगर्ट तिचे गवत कापून गासड्या बांधून देई, सोरेनसन बापलेक कुंपणाचे कुजलेले खांब बदलून देत, आणि बर्फाच्या दिवसांत तिच्या फाटकापर्यंतचा रस्ता कोणीतरी न सांगता मोकळा करून जाई. कोणी किती दिले हे तोलून पाहण्याची तिथे रीत नव्हती. मात्र प्रत्येकाच्या हातात देण्यासारखे काहीतरी असावे, ही अपेक्षा मुकाट्यानेच पाळली जाई. अर्डिसच्या हातात घाट होता.

घाट चढणे कोणालाही जमते; उतरणे शिकावे लागते. मागे ट्रेलरमध्ये बारा गायी उभ्या असतात, लोखंड आणि मांस मिळून एकोणीस हजार पौंड, आणि ते सगळे वजन उताराला लागले की पुढच्या गाडीला ढकलू पाहते. ब्रेकवर पाय ठेवून राहणाऱ्याचे ब्रेक अर्ध्या वाटेत तापून निकामी होतात. म्हणून जाणता माणूस खालचा गिअर धरतो आणि इंजिनालाच गाडी आवरायला लावतो. अर्डिस जुन्या गाडीच्या तिसऱ्या गिअरने चढे आणि तिसऱ्यानेच उतरे.

गेल्या हिवाळ्यात तिचा डावा खुबा बदलावा लागला. डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, तिने मान डोलावली आणि मार्चमध्ये पुन्हा गाडी काढली. मे महिन्यात गुरे वर नेताना एका चढावर थांबून निघायच्या वेळी मांडीत कळ आली, पाय क्लचवरून निसटला आणि भरल्या ट्रेलरसकट गाडी हातभर मागे घरंगळली. मागे दरी नव्हती, कोणी पाहिलेही नव्हते. पण अर्डिसने पाहिले होते.

ऑगस्टअखेर व्हर्जिल तिच्या ओट्यावर कॉफी पीत म्हणाला, "यंदा तू आराम कर, अर्डिस. उतरवायला मी भाड्याचे ट्रक सांगतो. आणि गवताची काळजी करू नकोस, ते मी दरवर्षीसारखं कापणारच."

तो हे मनापासून बोलत होता, आणि तेच तिला जड गेले. मदतीची फेड करता येते. दयेची करता येत नाही. ज्याला नुसते घेतच राहावे लागते, तो हळूहळू आपल्याच गावात पाहुणा होऊन बसतो. हे तिने पडून राहिलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांच्या बाबतीत जवळून पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी ती मार्टिन इचेव्हेरीकडे गेली. एकोणीस वर्षांपूर्वी जुनी गाडी तिला त्यानेच विकली होती.

"नव्या गाड्यांचा क्लच हलका असेल ना?" तिने विचारले.

"क्लचची गाडी आता बनतच नाही, अर्डिस. बरीच वर्षं झाली. मागणारी तीनच माणसं उरली होती. एक मेला, एक पाद्री आहे, आणि एक तू."

"पाद्र्याने काय केलं?"

"ऑटोमॅटिक घेतली. म्हणाला, इतकी वर्षं देवावर भरवसा ठेवला, आता गिअरबॉक्सवरही ठेवून बघतो."

तिला हसू आले, पण ते तिने दाखवले नाही. मार्टिनने दोन प्रकार सांगितले. साध्या ताकदीचे इंजिन आणि त्याला साधा गिअरबॉक्स. किंवा थोरल्या ताकदीचे इंजिन आणि त्याला दणकट गिअरबॉक्स. वर्षानुवर्षे घाटात ओझे वाहायचे तर दणकटच हवा, हेही त्याने लपवले नाही.

"मग तो दणकट डबा साध्या इंजिनाला जोडून दे. गुरांना कुठं लवकर पोचायचंय?"

"तसं मिळत नाही. दणकट हवा तर इंजिनही थोरलंच घ्यावं लागतं."

"म्हणजे मजबुती हवी असेल तर मिजासही विकत घ्यायची."

"मिजास मी फुकट देतो. वर एक टोपी पण."

गरज आणि हौस एकाच दाव्याला बांधून विकायची ही रीत अर्डिसला नवी नव्हती. ज्यांना नुसते टिकाऊपण हवे असते त्यांची संख्या थोडी, आणि बाजार थोड्यांसाठी वेगळा साचा पाडत नाही. तिला टोचले ते वेगळेच. थोरले असो वा साधे, दोन्हींत गिअर कोणता हे गाडीच ठरवणार होती. मग भाड्याच्या ट्रकात आणि तिच्यात फरक काय राहिला?

"एक काम कर," मार्टिन म्हणाला. "थोरली घेऊन जा, तुझा ट्रेलर लाव, नेहमीसारख्या बारा गायी भर. मी शेजारी बसतो. नाही पटली तर परत आण."

सप्टेंबरच्या एका सकाळी ते निघाले. जिथे जुनी गाडी कण्हत चढे, तिथे ही जेवून शतपावलीला निघाल्यासारखी चढली. अर्डिसला ते थोडे अपमानास्पद वाटले. डावा पाय प्रत्येक वळणावर आपोआप खाली जाई आणि रिकाम्या फरशीवर टेकून परत येई. कळ मात्र आली नाही.

माथ्यावरून उतार लागला. मार्टिनने एक्झॉस्ट ब्रेक लावून दिला; इंजिनातून निघणारा धूर कोंडून तो गाडीला मागे खेचतो.

"आता पाय वर घे. तिला सगळं कळतं."

आणि खरोखर तिला कळत होते. तीन वळणे गाडीने ओझे अल्लद धरून ठेवले. चौथ्या वळणानंतर उतार थोडा सैल झाला, तशी गाडीने वरचा गिअर घेतला. लगेच पुन्हा तीव्र उतार आला आणि तिने हिसक्याने खालचा घेतला. मागून खुरे घासल्याचा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ धप्प असा एक.

अर्डिसने रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली आणि लंगडत मागे गेली. एक तांबडी गाय गुडघ्यांवर बसली होती. अर्डिस फटीतून तिच्याशी हळूहळू बोलत राहिली, तेव्हा ती उठली.

"हिला वजन कळतं, मार्टिन," ती परत येऊन म्हणाली. "ते वजन चार पायांवर उभं आहे, हे कळत नाही."

मार्टिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "गिअरच्या दांडीवर एक बटण आहे," तो म्हणाला. "जास्तीत जास्त कोणत्या गिअरपर्यंत जायचं ते बांधून टाकता येतं. मग गाडी त्याच्यावर जात नाही. कोणी विचारत नाही, म्हणून मी सांगायचंच सोडून दिलं."

"तू विकतोस, आणि सांगत नाहीस?"

"लोक अश्वशक्ती विचारतात, अर्डिस. आकडा ऐकला की खूश होऊन जातात."

तिने बटण दाबून गाडी तिसऱ्यात बांधली. इंजिन ओरडू लागले आणि गाडी गोगलगायीसारखी झाली. जुन्या गाडीतला तिसरा इथला तिसरा नव्हता. इतक्या वर्षांचा तिचा आकडा इथे उपयोगाचा नव्हता; कान तेवढा होता. तिने चौथा लावून पाहिला, खिडकीची काच खाली केली आणि इंजिनाचा व मागच्या खुरांचा आवाज एकत्र ऐकत पुढचे मैलभर अंतर काटले. खुरे हलली नाहीत. जिथे उतार तुटून खाली जात होता, तिथे वळणाच्या आधीच तिने स्वतः तिसरा घेतला. पायथ्याला उतरून तिने चाकाजवळ तळहात धरला. ते नुसते कोमट होते.

"ठेवते," ती म्हणाली. "टोपी तुझी तूच घाल."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती व्हर्जिलच्या कुरणात ट्रेलर घेऊन उभी राहिली. ट्रक सांगितले नव्हते. तिने सांगू दिले नव्हते. व्हर्जिल गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"एवढं इंजिन? माझी गुरं उतरवणार आहेस की शर्यत लावणार आहेस?"

"तुझ्या गायी बघ आधी. त्यांना नुसतं जागचं हलवायला घेतलंय हे."

"आणि म्हणे आपोआप चालते. मग तू काय करतेस आत बसून?"

"ऐकते," अर्डिस म्हणाली.

चार दिवसांत अकरा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला व्हर्जिल ट्रेलरच्या दाराशी उभा राहून एकेक गाय उतरताना तिचे पाय निरखीत होता. एकही लंगडत नव्हती. बारावी बाहेर आल्यावर त्याने दाराची कडी लावली आणि तिच्याकडे न पाहता विचारले, "सोरेनसनची मंगळवारी आणायचीत. त्यांना किती वाजता सांगू?"

"सहाला. ऊन चढलं की वरच्या वाटेवरचा बर्फ वितळून चिखल होतो."

"सहा म्हणजे अंधारच की, अर्डिस."

"मग त्यांना म्हणावं, दिवे घेऊन या."