बॉयलरवाल्या सिद्दीकभाईंचा रेडिओ

सकाळचे सव्वाचार. दौंडच्या रेल्वे चाळीत शेवंताबाई दुधाची किटली घेऊन शिरायची आणि पहिल्या ओळीतल्या शेवटच्या खोलीपाशी थांबायची. त्या खोलीच्या खिडकीतून एक सुतळी बाहेर लोंबत असे. ती सुतळी शेवंताबाई दोनदा ओढायची. दुसरं टोक आत सिद्दीकभाईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं असायचं. आतून दोन हिसके परत आले की माणूस उठला असं समजायचं.

"लागला मासा," म्हणून ती पुढं जायची. हिसके यायला उशीर झाला तर खिडकीत तोंड घालून ओरडायची, "ओ मामा, अंगठाच तोडून नेऊ का?" ओरडून उपयोग नव्हता. सिद्दीकभाईंना ऐकू येत नव्हतं. तिला ते माहीत होतं, तरी ओरडायची.

१९५७ पर्यंत सुतळी लागली नाही. बायको, हमीदाभाभी, खांदा हलवून उठवायच्या. त्या काविळीत गेल्या. एकुलती मुलगी खुर्शिद शिरूरला दिलेली. मागं राहिले सिद्दीकभाई आणि ती खोली.

मी १९५३ साली लोको शेडमध्ये बॉयलरच्या कामावर लागलो, तो त्यांच्याच हाताखाली. काम काय होतं ते सांगतो, कारण आता ते काम राहिलेलं नाही. वाफेच्या इंजिनाच्या भट्टीला दोन पत्रे असतात, एक आतला, एक बाहेरचा. मधे पाणी. दोन पत्र्यांना धरून ठेवणारे अंगठ्याएवढे जाड बोल्ट असतात, त्यांना आम्ही स्टे म्हणायचो. एका इंजिनात हजाराच्या आसपास. त्यातले जवळजवळचे चार-पाच तुटले आणि कुणाच्या लक्षात आले नाहीत, तर पत्रा फुगतो. फाटला तर ड्रायव्हर आणि फायरमन दोघेही जातात.

म्हणून इंजिन धुवायला आलं की एकानं भट्टीत शिरायचं. तोंड जेमतेम सव्वा फुटाचं. आधी एक हात, मग डोकं, मग दुसरा खांदा तिरका करून. आत कंदील, लहान हातोडी, खडू. प्रत्येक स्टेला दोन ठोके. चांगला स्टे खणकन वाजतो, तुटका मडक्यासारखा बद्द वाजतो. बद्द वाजला की त्यावर खडूनं फुली. हजार स्टे म्हणजे दोन हजार ठोके, अर्धे गुडघ्यावर बसून, अर्धे मान मागं टाकून. वैशाखात पाठीवर ओलं पोतं. सिद्दीकभाई ते साडेतीन तासांत करायचे. मला कधी पाचच्या आत जमलं नाही.

त्यांचे कान याच कामानं घेतले. आधी पत्रे जोडायचे रिव्हेट हातानं ठोकत. मग हवेवर चालणारी हातोडी आली. काम चौपट व्हायला लागलं, बॉयलरच्या पोकळीत आवाजही चौपट. इतर वेळी ते कानात कापूस घालायचे. तपासणीच्या दिवशी काढायचे, कारण कापूस असला की बद्द आणि खणकन यातला फरक कळत नाही. आणि तपासणी चालू असताना शेजारच्या इंजिनावर ती हातोडी चालूच असायची.

बॉयलरच्या कामावरचे आम्ही सगळेच थोडे बहिरे. सगळेच ओरडून बोलायचे. त्यामुळं त्यांचं बहिरेपण बरीच वर्षं कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. चहाच्या वेळी वर्तुळात बसायचे, ज्याचे ओठ हलतील त्याच्याकडं बघायचे, सगळे हसले की हसायचे. थोडं उशिरा हसायचे. घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून चहाची ती वीस मिनिटं ते कधी चुकवत नसत. ताप असला तरी कामावर यायचे. मला वाटायचं हजेरीसाठी येतात.

१९५९ च्या सुरुवातीला मी एकदा त्यांच्यामागून भट्टीत शिरलो, राहिलेला कंदील आणायला. सहज एका स्टेवर हातोडी टेकवली. बद्द. त्यावर फुली नव्हती. आणखी चाळीस तपासले. आणखी एक सापडला. मी दोन्हींवर फुल्या मारल्या आणि बाहेर आलो. कुणाला बोललो नाही.

त्यानंतर प्रत्येक इंजिनाला, पाळी सुटल्यावर, काही ना काही विसरल्याचं सोंग करून मी मागून आत जायचो आणि हजार स्टे पुन्हा ठोकायचो. कधी एक, कधी तीन निघायचे. चार महिने हे चाललं. माझी पाठ गेली ती याच चार महिन्यांत, पण ते असो.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. सिद्दीकभाई फुल्या मोजून बाहेर यायचे.

जूनमध्ये एका मालगाडीच्या इंजिनावर त्यांनी सात मोजल्या होत्या. बदलायचं काम दुसऱ्या माणसांचं; त्या दिवशी ते स्वतः तिथं होते, तर निघाले आठ. ते परत आत गेले, कंदील घेऊन. बाहेर आले ते थेट माझ्यासमोर.

"आठवी कुणाची?"

"तुमचीच," मी म्हणालो.

"मी डावरा हाय. माझ्या फुलीचं शेपूट डावीकडं जातं. हिचं उजवीकडं हाय." त्यांनी माझा उजवा हात धरला. बोटांना खडू होता. "कवापास्नं?"

मी चार बोटं दाखवली.

"चार दिस?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. "म्हैनं," मी म्हणालो.

ते खाली बसले आणि हातोडीचा दांडा पुसत राहिले. मग म्हणाले, "अब्राहाम, मला सांगायचं व्हतंस. चार म्हैनं मी आत जाऊन नुसता बसून आलो, आन् पगार घेतला."

मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवतोय.

ते उठले आणि आमच्यावरचे चार्जमन ज्योतिबा यांच्या टेबलावर हातोडी ठेवली. म्हणाले, मला ऐकू येत नाही, मला तपासणीवरनं काढा. ज्योतिबा हसले. "मामा, हितं कान शाबूत कुणाचं हायत? मला बायकू काय म्हंती ते धा वर्सं झाली कळलं न्हाई. संसार चाललाय ना? जा, काम करा."

सिद्दीकभाईंनी ते ऐकलं नाही. टेबलावरचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. "लिवा," म्हणाले. ज्योतिबांनी लिहिलं. पुढं डॉक्टर, तपासणी, आणि पंधरा दिवसांत हलकं काम. पगार कमी, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. चहाच्या वर्तुळातली जागा गेली, त्याबद्दलही नाही. पण पहिले काही दिवस दहाच्या चहाला ते यार्डाच्या दुसऱ्या टोकाकडून पाऊण मैल चालत यायचे. पोचेपर्यंत चहा संपलेला असायचा. मग यायचे बंद झाले.

नवं काम होतं सोलापूरच्या बाजूला, यार्डाच्या अगदी टोकाला. इंजिनात पाणी भरायचा उंच नळ, त्याला हत्तीसारखी कातडी सोंड. इंजिन आलं की सोंड फिरवून टाकीच्या तोंडात सोडायची, चाक फिरवून पाणी चालू करायचं. पाणी भीमेचं, वर टाकीत चढवलेलं. शेजारी पत्र्याची एक टपरी, तीत बाकडं आणि शेगडी. बाकी चहूकडं रूळ.

एक इंजिन भरायला सात मिनिटं. तेवढ्यात फायरमन खाली उतरायचा, हातपाय धुवायचा, कोळशाचे चार तुकडे शेगडीसाठी टाकायचा, एक कप चहा प्यायचा. दिवसाच्या पाळीत अकरा इंजिनं. अकरा वेळा कुणीतरी टपरीत येऊन बसायचं. मी रविवारी जायचो तेव्हा सिद्दीकभाई एकेकाबद्दल सांगायचे. कुणाची बायको बाळंत झाली, कुणाची बदली मनमाडला झाली. सात मिनिटांत, ओठांवरून, त्यांनी हे गोळा केलेलं असायचं.

चौसष्टच्या आसपास मेन लाईनवर डिझेल इंजिनं यायला लागली. आम्ही शेडमधले बघायला गेलो. कोळशाचा धूर नाही, राख नाही, भट्टी नाही. सकाळी कळ दाबली की चालू. वाफेचं इंजिन तयार करायला रात्रीपासून माणसं लागत. फायरमनच्या पाठीचा एका फेरीत दोन-तीन टन कोळसा वाचला. मी डिझेलला नावं ठेवणार नाही. ज्यानं फावडं मारलेलं नाही त्यानं ठेवावीत.

पण डिझेलला पाणी भरायला थांबावं लागत नाही.

अकराची सात झाली, सातची तीन. नगरच्या गाड्यांना वाफेचीच इंजिनं होती, पण त्यांचा नळ स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला. सहासष्टच्या उन्हाळ्यात सिद्दीकभाईंच्या नळावर दिवसाला एक इंजिन यायचं, कधी तेही नाही. ते मात्र सहाला हजर. चाकाला तेल द्यायचे, सोंडेची कातडी एरंडेलानं मऊ ठेवायचे, पितळ घासायचे. रोज.

आणखी एक झालं. वाफेचं इंजिन त्यांना एक मैलावरून धुरानं दिसायचं. डिझेलला तसा धूर नाही, आणि आवाज त्यांच्यासाठी नव्हताच. एकदा रूळ ओलांडताना पायाखालचा स्लीपर थरथरला म्हणून ते बाजूला झाले. गाडी गेली. वाऱ्यानं टोपी उडाली ती पलीकडच्या बाभळीत अडकली. मला टोपी दाखवून म्हणाले, "पाय अजून ऐकतात."

त्याच वर्षी ते कानाचं यंत्र घ्यायला पुण्याला गेले. मी बरोबर होतो. छातीशी डबी, तिथून कानात वायर. पोस्टात त्यासाठी सहा वर्षं साठवलेलं होतं. डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलं. सिद्दीकभाईंचा चेहरा एकदम आक्रसला.

"काय ऐकू येतंय?" डॉक्टरांनी कागदावर लिहिलं.

"पत्रा घासल्यावानी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मला सांगितलं, आतली नसच गेली आहे. यंत्रानं आवाज मोठा होईल, शब्द कळणार नाहीत. मी ते हळूहळू, ओठ स्पष्ट हलवत सांगितलं. त्यांनी वायर काढून डबीभोवती नीट गुंडाळली आणि परत दिली.

स्टेशनकडं येताना ते एका दुकानापुढं थांबले. मला वाटलं पाणी प्यायचं असेल. आत गेले आणि ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन बाहेर आले. गाडीत त्यांनी तो मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी.

शेवंताबाईनं चाळभर केलं. "बहिऱ्याच्या घरी बाजा! उद्या आंधळा आरसा आणंल!" दुसऱ्या दिवशी दूध देताना तिनं हातवारे करून विचारलंच, कशाला घेतला म्हणून.

"इंजिन थांबत न्हाई," सिद्दीकभाई म्हणाले. "माणूस तरी थांबंल."

तिनं त्या दिवशी दूध जास्त घातलं आणि पुढं रेडिओवरून चेष्टा केली नाही.

माणूस थांबला. रुळाची दुरुस्ती करणारी गँग संध्याकाळी परत जाताना टपरीवर वळायला लागली. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, गाणी. सिद्दीकभाई चहा टाकायचे आणि तळहात रेडिओच्या पाठीवर ठेवून बसायचे. बोलणारा माणूस आणि ढोलकी यातला फरक त्यांना हातानं कळायचा. सेल उतरायला लागले की ऐकणाऱ्यांच्या आधी त्यांना समजायचं. सगळे हसले की तेही हसायचे, थोडं उशिरा.

मी एका शनिवारी तिथं होतो. आठ माणसं बसली होती. आठही जणांची तोंडं रेडिओकडं होती. ओठ कुणाचेच हलत नव्हते. सिद्दीकभाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, शेडमध्ये बघायचे तसे. कार्यक्रम संपला, माणसं उठली, पंचे झटकले. एकानं कप उलटा घातला. बस.

"मंडळी रोज येत्यात," मला म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो.

अडुसष्टच्या मार्चअखेर ते निवृत्त झाले. चाळीतली खोली सोडायची होती. खुर्शिदनं शिरूरहून पत्र पाठवलं होतं, या म्हणून. ड्युटी नव्हती, तरी निघायच्या दिवशी सव्वाचारला शेवंताबाईनं सुतळी ओढली. आतून दोन हिसके आले. मग तिनं सुतळी सोडवून घेतली आणि किटलीच्या कडीला बांधली.

एसटीला वेळ होता, म्हणून आम्ही आधी पोस्टात गेलो. रेडिओचं लायसन दरवर्षी पोस्टात भरावं लागे. खिडकीतला कारकून त्यांना ओळखत होता. मला म्हणाला, "यांना ऐकू येत नाही, आणि दरसाल पहिले हेच हजर. ऐकणारे बिनलायसनचे हिंडतात." सिद्दीकभाईंनी त्याच्या ओठांवरून किती ओळखलं कुणास ठाऊक. पावती घडी करून रेडिओच्या चामडी पिशवीत ठेवली. हातोडी आणि नळ मिळून एकतीस वर्षं. शेवटच्या पगारातून ट्रंकेला नवं कुलूपसुद्धा घेतलं नाही. ते वर्षाचं लायसन घेतलं आणि चार नवे सेल.

एसटीत त्यांना खिडकी मिळाली, मी खाली तिच्यापाशी उभा राहिलो. ट्रंक टपावर, रेडिओ मांडीवर. शेजारी पागोटंवाला एक म्हातारा, वाटेत न्हावऱ्याला उतरणारा. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि सगळी गाडी थरथरायला लागली. सिद्दीकभाईंनी रेडिओचं बटण फिरवलं, पाठीवर तळहात ठेवला. मग उचलला, पुन्हा ठेवला. गाडीची थरथर आणि रेडिओची, हाताला एकच लागत होती. हे त्यांच्या आधी लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

त्यांनी शेजाऱ्याचा दंड धरून विचारलं, मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "वाजतंय का?"

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग रेडिओ त्यांच्या मांडीवरून उचलला आणि आपल्या कानाला लावला. गाडी हलली. सिद्दीकभाईंचा हात मांडीवर तसाच उघडा होता, आणि ते म्हाताऱ्याच्या ओठांकडं बघत होते.